दैवशालानंतरचा पहारा

फोन सासूबाईंचा होता. कुकरची शिट्टी व्हायची होती, अंगद एका पायावर उभा राहून मोजा चढवत होता, आणि रूपालीचा डावा हात पायलच्या कपाळावर होता. तो हात तिथं आपोआप जायचा. भाजी परतताना जायचा, झोपेतही जायचा. चार वर्षांची पायल आता त्या हाताला वैतागायला लागली होती, डोकं मागं घेऊन म्हणायची, "न्हाईये ताप, मम्मी!"

"सप्ता बसलाय," गोजरबाई गावाकडून सांगत होत्या. मागं टाळांचा आवाज होता, म्हणून ओरडत होत्या. "एकादशीला दुपारी बायांचा पहारा हाये. तुझं नाव दिलंय बरं का. दैवशालाच्या मागून तू."

"मला विचारायचं तरी, आत्याबाई."

"त्यात काय इचारायचं? देवापुढं उभं राह्यचंय, निवडणुकीला न्हाई. रामराव इनेकऱ्याची लेक सून करून आणली, ती काय मोबाइलवर अभंग ऐकायला?" आपल्याच बोलण्यावर त्या हसल्या आणि फोन बंद झाला.

शिट्टी झाली ती रूपालीला ऐकूच आली नाही. दैवशालाच्या मागून. मोरीत पाय घसरावा तसं आत काहीतरी झालं. पडलं कोणी नाही; नुसता तोल गेला, सावरला, आणि मग दिवसभर त्या सावरण्याचीच कळ राहिली. अंगदनं विचारलं, "काय म्हणून राह्यली माय?" ती म्हणाली, "काही न्हाई, सप्त्याला बोलावलंय." त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं, दुसरा मोजा चढवला आणि निघून गेला. दैवशाला त्याची थोरली वहिनी. या घरात ते नाव दोन वर्षांपासून कोणी मोठ्यानं घेत नव्हतं.

वीणा घेणं म्हणजे काय, हे रूपालीला कोणी सांगायची गरज नव्हती. सप्त्यात सात दिवस नाम थांबत नाही. एक जण वीणा गळ्यात अडकवून देवापुढं उभा राहतो आणि 'राम कृष्ण हरी' म्हणत राहतो. दोन तासांनी दुसरा येतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती जमिनीला टेकत नाही, खुंटीला लागत नाही. घेणारा येईपर्यंत देणाऱ्याला हलता येत नाही. आणि देताघेताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. त्यात थोरला-धाकटा नसतो, सासू-सून नसते, आणि तोंडात नामाशिवाय दुसरा शब्द चालत नाही. लहानपणी वडिलांचं, दादांचं, बोट धरून ती अशा सगळ्या पायांवर डोकं ठेवत गेली होती. दादा सांगायचे, "वर बघायचं न्हाई, बाई. पाय तेवढे बघायचे. पाय सगळ्यांचे सारखेच." धुळीचा, घामाचा, बुक्क्याचा एक मिळून वास यायचा, आणि तिला खरंच वाटायचं की देव असलाच तर त्याला असाच वास असणार. पण काही पाय वर न बघताही ओळखू येतात, हे दादांनी सांगितलं नव्हतं. दैवशालाताईंचे पाय ती अंधारातही ओळखू शकली असती. रुंद, टाचांना भेगा, झिजून पातळ झालेली जोडवी. बाळंतपणात याच पायांवर पायलला पालथी घालून ताई रोज अंघोळ घालायच्या, पाणी ओतायच्या, आणि पोर रडायची नाही.

त्याच पोरीला पहिला झटका आला तोही ताईंच्याच पुढ्यात. दिवाळीत सगळे गावी गेले होते. पायल तेव्हा दोन वर्षांची. अंगात ताप होता, बाकीचे शेतात गेले होते, रूपाली तिला ओसरीवर घेऊन बसली होती, आणि हातातलं ते मऊ अंग एकाएकी लाकडासारखं ताठ झालं. डोळे वर गेले. ओठ निळे पडले. बीएस्सी झालेली रूपाली ओरडली, पाणी आणायला पळाली, पाणी न घेताच परत आली. परत आली तेव्हा ताईंनी पोरीला मांडीवर घेऊन कुशीवर वळवलं होतं, आणि त्या तिच्या कानाशी एकसारखं नाम घेत होत्या. मग अंबडचा डॉक्टर झाला, जालन्याचा मोठा डॉक्टर झाला. तापाने येतात असे झटके, सहाव्या वर्षापर्यंत जातील, मेंदूला काही होत नाही, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. एवढं ऐकून परत आल्यावर रूपालीनं माजघरात ताईंचे हात धरले होते. "ताई, कुणाला कळू देऊ नका. आत्याबाईंनासुद्धा. पोरीची जात हाये. लग्नापर्यंत लोक हेच चघळत बसतील." ताईंनी गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. "ही माळ धरून सांगते, रूपे. माझ्या तोंडून निघायचं न्हाई." मांडीवरच्या पायलनं त्या माळेचं दुसरं टोक पकडलं होतं. तिला तशी सवयच होती. मोठाईच्या माळेतले मणी चाचपत चाचपत ती झोपायची.

आणि मग उन्हाळ्यात आष्टीचं लग्न. चुलत नणंदेचं. पायलला करवली करायचं ठरलेलं. पिवळा घागरा, हातभर बांगड्या, आणि नवरीच्या मागं करा धरून उभं राहायचं म्हणून ती दोन दिवस घरात पाण्याचा तांब्या धरून उभं राहायचा सराव करत होती. मांडवात अंतरपाट धरायच्या आधी कोणीतरी मावशी पुढं आली. आवाज अगदी मायेचा होता. "हिला नको गं. झटके येतात ना तिला. भरल्या मांडवात काही झालं, मंग?" तिनं पायलच्या हातातला करा काढून घेतला आणि दुसऱ्या पोरीच्या हातात दिला. पायलचे हात तसेच पुढं राहिले. रिकामे, गोल. करा अजून हातात आहे अशी ती कितीतरी वेळ उभी होती. रूपालीनं गर्दीत ताईंना शोधलं. त्या अक्षतांच्या ताटाजवळ होत्या. त्यांनी मान खाली घातली, आणि मग विचारण्यासारखं काही उरलं नाही.

कसं झालं तेही पुढं गोजरबाईंकडून कळलं. पिठाच्या गिरणीवर बाया बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, शहरातल्या जाऊची पोर कशी बाहुली हाये बघ, न्हाईतर तुझा आर्यन, साधं नाव लिहिता येईना त्याला. ताई म्हणाल्या, "बाहुली असली तरी झटके येतात तिला." एवढंच. एक वाक्य. दळण होईपर्यंत ते गावभर झालं असणार. रूपालीला वाटायचं, एखादं मोठं कारण तरी असतं तर बरं झालं असतं. कुणी धमकावलं असतं, कुणी फसवून काढून घेतलं असतं. एवढ्याशा टोचणीवर एवढं मोठं वचन उधळून टाकावं? ताईंचा एकदाच फोन आला होता. "रूपे, माझी जीभ..." एवढं ऐकून रूपालीनं फोन कापला होता. मग सण इथंच, सुट्ट्या इथंच. अंगद एकटा गावी जाऊन यायचा आणि पिशवीत ताईंनी दिलेल्या कुरडया घेऊन यायचा. त्या कुरडया रूपाली कामवालीला द्यायची, आणि देताना तिला बरं वाटायचं. ते बरं वाटणं आठवलं की आता तिच्या हाताला काहीतरी चिकट लागल्यासारखं व्हायचं.

त्रास निराळाच होता. रोज दिवेलागणीला ती हरिपाठ म्हणायची, माहेरची सवय. शेवटी हात जोडून, सगळ्यांचं भलं कर, एवढं म्हणायचं आणि उठायचं. पण 'सगळ्यांचं' म्हटलं की त्या सगळ्यांमधून एक चेहरा पुढं यायचा, आणि रूपाली डोळे मिटूनच त्याला बाजूला सारायची. तुम्ही सोडून. मग चार दिवसांत पायलला ताप यायचा. येणारच, पोरांना ताप येतात, बालवाडीत साथी असतात, हे तिला कळत नव्हतं का? वनस्पतीशास्त्र घेऊन शिकलेली बाई ती. पण रात्रभर ओल्या पट्ट्या बदलताना ते शिक्षण कुठंतरी दूर, कॉलेजच्या इमारतीत राहायचं, आणि इथं फक्त एक जुनी भीती बसलेली असायची: मी मनात धरून ठेवलंय, म्हणून हे पोरीवर येतंय. मग ती घाईघाईनं क्षमा करून टाकायची. औषधाचा चमचा पाजावा तशी. केली, देवा, ताईंना क्षमा केली, आता उतरव. सकाळी ताप उतरायचा, आणि त्याच्याबरोबर ती क्षमाही उतरायची. देवाला हे दिसत नसेल असं कसं म्हणावं? कधी कधी तिला देवाचीच लाज वाटायची, आणि त्याहून जास्त दादांची.

एकादशीला ती निघाली. पर्समध्ये थर्मामीटर, तापाचं औषध, झटका आलाच तर नाकात मारायचा फवारा. बसमध्ये पायल खिडकीला. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी दिसली तसे दोघींनी हात जोडले, आणि जोडलेला हात सोडवून रूपालीनं पोरीचं कपाळ पाहिलं. गरम. पण चैत्रातल्या दुपारी काय गरम नसतं? खिडकीची दांडी गरम होती, सीट गरम होती, तिचा स्वतःचा हात गरम होता. थर्मामीटरनं ताप नाही असं सांगितलं. तिनं पुन्हा लावून पाहिलं. पुढच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "माय, लेकराला बसू दे की जरा सुखानं." वडीगोद्रीच्या अलीकडच्या फाट्यावर अंगदचा थोरला भाऊ कल्याण मोटारसायकल घेऊन उभा होता. तो "आलीस, बरं झालं" म्हणाला आणि बायकोचं नावसुद्धा न काढता त्यानं पायलला पुढं टाकीवर बसवलं.

मारुतीच्या देवळापुढं पत्र्याचा मांडव होता. रूपाली बाहेरच, लिंबाच्या पाराला टेकली. तिथून आतलं सगळं दिसत होतं. दैवशालाताई पाठमोऱ्या उभ्या होत्या, गळ्यात वीणा, उजव्या हाताचं बोट तारेवर. आवाज बसला होता, पण लय सुटली नव्हती. राम कृष्ण हरी. राम कृष्ण हरी. फळीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्या टाळ वाजवता वाजवता पेंगत होत्या. पत्र्याखाली भट्टीसारखी धग होती, आणि ताईंच्या पाठीवर पोलक्याचा रंग घामानं बदलला होता.

गोजरबाई पाण्याची घागर घेऊन आल्या. "आलीस का? जल्दी हातपाय धू. तिचं झालंय. तुझीच वाट बघून राह्यलीय ती."

"पायलला दूध पाजते आधी."

"पाज की. मी न्हाई का पाजायला?" त्या टेकल्या, आवाज खाली आला. "एक सांगू का, तू काही बोलू नको तिला. बाई कशीतरीच झालीय. माळ उतरवली तिनं, ठाऊक हाये का तुला?"

"कधी?"

"ते आष्टीचं लग्न न्हाई झालं का, त्याच्या दुसऱ्या दिवशी. हितंच, मारुतीच्या पायावर ठेवून आली. सगळं गाव म्हणून राह्यलंय, दैवशाला आता कोंबडं खाती. तिच्या ताटाला ताट लावून माळकरी बाया जेवत न्हाईत. मी इचारलं, कल्याणनं इचारलं. आगं, भांडलो आम्ही तिच्यासंगं! तोंड उघडंल तर शपथ. गप ऐकून घेती. पहाऱ्याला काही माळ लागत न्हाई, म्हणून निदान हितं तरी उभी राह्यती."

माळ का उतरवली हे या गावात दोघींनाच माहीत होतं. ताई एका शब्दानं सुटू शकल्या असत्या: माळ धरून दिलेलं वचन मोडलं म्हणून. पण मग कसलं वचन, कुणाला, हे आलं असतं, आणि पुन्हा पायलचं नाव निघालं असतं. म्हणजे त्या एका वाक्यानंतर बाईनं दोन वर्षं तोंड शिवून घेतलं होतं. हे कळल्यावर रूपालीनं उठायला हवं होतं. तिला तेही कळत होतं. पण उठण्याऐवजी तिला राग आला. मला न विचारता हिनं स्वतःला शिक्षा करून घेतली, मग माझ्या रागानं आता कुठं जायचं? तो इतके दिवस जपून ठेवलेला, रोज कपाळासारखा चाचपून पाहिलेला. तिनं दूध फुंकलं, पुन्हा फुंकलं. पायलच्या ओठावरची साय पदरानं पुसली. आत नामाची लय किंचित ओढली जात होती. ताईंनी एकदा या पायावरचा भार त्या पायावर घेतला, मग परत या पायावर. मागं वळून पाहिलं नाही. पाहता आलं नसतं असं नाही. राहू दे उभी, रूपालीच्या मनात आलं, अगदी स्पष्ट, शांत आवाजात. जरा राहू दे.

"आगं रूपे, इना काय खाली ठेवून द्यायची हाये व्हय तिनं?" गोजरबाई म्हणाल्या. "ऊठ की, माय."

ती उठली. हातपाय धुतले. पर्स पायलजवळ पारावर ठेवली, तिला म्हणाली, इथून हलायचं नाही, आणि देवापुढं गेली.

ताईंनी तिला पाहिलं. ओठ हलत होते तसेच हलत राहिले. रूपाली वाकली. पाय ओळखीचे होते आणि नव्हतेही. सुजून वर आले होते, जोडवी मांसात रुतली होती. तिनं रीतीपुरतं डोकं टेकवलं आणि उठली. वीणेचा पट्टा ताईंनी आपल्या डोक्यावरून काढला, तिच्या गळ्यात घातला, आणि वीणा नीट बसेपर्यंत एक हात खाली धरून ठेवला, पायलला दुसऱ्याच्या हातात देताना धरायच्या तसाच. नाम दोघींच्या तोंडात एकदम होतं, मग एकटीच्या राहिलं. आता देणारी वाकली. ताईंचं कपाळ रूपालीच्या पायावर टेकलं.

कपाळ भाजत होतं.

उन्हाचं नव्हतं ते. दोन वर्षं जिच्या हातानं दुसरं काही केलं नव्हतं, तिला तेवढं नक्की कळत होतं. एकशे दोनच्या खाली नाही. त्या कपाळाला पाण्याची पट्टी हवी होती, सावली हवी होती, आणि ते तापल्या पत्र्याखाली तिची वाट बघत उभं होतं. तिनं त्याला उभं ठेवलं होतं. रूपालीचा डावा हात कपाळाकडं जायला निघाला आणि अडकला. तो वीणेखाली होता. ताई, बसा, ताप आहे तुम्हाला, एवढं तरी म्हणावं. पण तोंडात नाम होतं, आणि ते थांबवायचं नव्हतं. ताई उठल्या. भिंतीचा आधार घेत बाहेर गेल्या.

पारावर त्या पायलपासून हातभर अंतर ठेवून बसल्या. चोरासारख्या. पायलनं जरा वेळ त्यांच्याकडं पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचं तिला काय आठवत असणार? पण ती सरकली, आणखी सरकली, आणि दुपारच्या झोपेनं जड झालेलं डोकं तिनं त्या मांडीवर टाकलं. ताईंनी आधी देवळाकडं पाहिलं. हात वर धरलेले होते, पोरीला न लागू देता. रूपाली इथून काय म्हणणार? राम कृष्ण हरी. तिनं मान हलवली. होकाराची होती, पण नामाच्या लयीत हलल्यासारखी दिसली असेल. तरी ताईंना कळली असावी. त्यांनी पायलला हळूच कुशीवर वळवलं, डाव्या, आणि पदर तिच्या तोंडावरून बाजूला केला, श्वासाला जागा राहील असा.

पायलचा हात वर गेला. ताईंच्या गळ्याशी तो काहीतरी शोधू लागला, इकडून तिकडं, हाडापाशी, मानेपाशी. मणी नव्हते. बोटं थांबली, पुन्हा फिरली. मग तो हात आणखी वर सरकला आणि कपाळावर पालथा पडला, अगदी रूपालीचा पडायचा तसा. पायल ताडकन उठून बसली. आईनं शिकवलं नसताना शिकलेल्या त्या काळजीच्या आवाजात ती ओरडली, "मम्मी! मोठाईला ताप हाये!"

रूपालीचं नाम तुटलं. 'राम' म्हटल्यावर पुढचं निघेना. तारेवरचं बोट थांबलं. पेंगणाऱ्या म्हाताऱ्या दचकून जाग्या झाल्या, गोजरबाईंनी मान वर केली. आणि पारावरून, बसलेल्या, तापलेल्या आवाजात पुढचं आलं: कृष्ण हरी. ताई तिच्याकडं बघत नव्हत्या. त्यांनी पायलचा हात कपाळावर तसाच राहू दिला होता आणि त्या तिथूनच तिचं नाम पुढं नेत होत्या, राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी, तिला नाम परत उचलता येईपर्यंत.

रूपालीनं बोट पुन्हा तारेवर ठेवलं. पर्स तिथंच पारावर होती, औषध त्यात होतं, आणि तिला दोन तास हलता येणार नव्हतं. पहारा संपला की काय काय बोलायचं ते ती नामाखाली जुळवू लागली, आणि एकेक शब्द जुळवताना तिला कळत गेलं की यातला प्रत्येक शब्द ताई दोन वर्षांपूर्वीच फोनवर बोलणार होत्या.